शुक्राचे ढग वरून कसे वाचतात? नाशिकच्या आकाशप्रेमींसाठी धागा

ब्रह्मगिरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

शुक्र संध्याकाळच्या आकाशात आला की गंगापूर धरणाच्या बाजूला दुर्बिणी लागतात आणि कुणीतरी विचारतंच, "यावर काहीच का दिसत नाही?" कोर दिसते, ती लहानमोठी होते, पण डाग नाही, पट्टा नाही, नुसता पांढराशुभ्र उजेड. तो उजेड ढगांचा. शुक्रावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशातला जवळजवळ तीन चतुर्थांश हे ढग परत फेकतात. थेंब पाण्याचे नाहीत, सल्फ्युरिक आम्लाचे आहेत, साधारण ७५ टक्के तीव्रतेचे. मुख्य थर जमिनीपासून ४८ किमीच्या आसपास सुरू होतो तो ७० किमीपर्यंत. त्याच्या वर ९० किमीपर्यंत विरळ धुकट थर, आणि खालीसुद्धा तसाच एक.

शुक्रावरच्या बहुतेक लेखांत हे ढग म्हणजे अडथळा असतो. मॅगेलन यानाने १९९० ते १९९४ या काळात रडारने ढग भेदून जमिनीचा नकाशा केला, हे आपण कौतुकाने सांगतो, आणि ते काम मोठंच आहे. पण मला हे ढगच शुक्राचा सगळ्यात जिवंत भाग वाटतात. ग्रह स्वतःभोवती फिरायला २४३ दिवस घेतो आणि हे ढग चारेक दिवसांत त्याला प्रदक्षिणा घालतात. वाऱ्याचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या घरात. इतक्या संथ ग्रहाच्या हवेला एवढी पळवतं कोण?

हे कळायला एखादं यान जवळून जाऊन भागत नाही, कक्षेत बसून वर्षानुवर्षं बघावं लागतं. पायोनियर व्हीनस १९७८ मध्ये पोचलं आणि १९९२ पर्यंत टिकलं. युरोपचं व्हीनस एक्सप्रेस एप्रिल २००६ मध्ये पोचलं, २०१४ अखेर संपलं. मग जपानचं आकात्सुकी, २०१५ च्या डिसेंबरपासून एप्रिल २०२४ मध्ये संपर्क तुटेपर्यंत.

बघण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येक तऱ्हेला वेगळ्या उंचीचा ढग दिसतो. सगळं कोडं इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डोळ्याला जो शुक्र कोरा दिसतो तोच अतिनील प्रकाशात पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. गडद रेघा, आडवा पडलेला इंग्रजी वाय (Y), ध्रुवाकडे उजळ टोप्या. आकात्सुकीचा अतिनील कॅमेरा २८३ आणि ३६५ नॅनोमीटरला चित्रं घ्यायचा. २८३ ला सल्फर डायऑक्साइड प्रकाश शोषतो. ३६५ ला काहीतरी दुसरंच शोषतं आणि ते काय आहे हे आजही ठरलेलं नाही. शुक्र सूर्याची जेवढी ऊर्जा शोषतो तिच्यातला निम्म्याच्या आसपास वाटा या अज्ञात पदार्थाचा, म्हणजे प्रश्न किरकोळ नाही. हे सगळं ७० किमीच्या आसपासचं, ढगांच्या माथ्याचं चित्र.

रात्रीच्या बाजूला मात्र उलटी गंमत आहे. शुक्राची जमीन ४६० अंशांच्या आसपास तापलेली, तिच्या वरची हवाही तशीच. त्या उष्णतेचा प्रकाश २.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जवळच्या एका फटीतून, म्हणजे हवा जिथे फारसा प्रकाश खात नाही अशा तरंगलांबीतून, ढगांतून वर निसटतो. यान वरून बघतं तेव्हा खालून उजेड आणि मध्ये ढगांच्या सावल्या. इथे दिसतात ते ५० किमीच्या आसपासचे दाट ढग. ही फट १९८४ मध्ये पृथ्वीवरच्या दुर्बिणीतून सापडली. तोवर या खालच्या ढगांचं चित्र कुणी पाहिलंच नव्हतं.

तिसरा कॅमेरा १० मायक्रॉनचा. तो ढगांच्या माथ्याचं तापमान वाचतो, उणे ४० अंशांच्या आसपास. त्याला दिवस-रात्र सारखीच.

आता तुम्ही लिहा. प्रश्न, शंका, विरोध, सगळं चालेल.

गोदाकाठ

वाचतोय. वाचनखूण साठवली.

निफाडचा_बागायतदार

सर, एक शंका विचारतो. आम्ही द्राक्षवाले डिसेंबर-जानेवारीत रोज रात्री इन्सॅट या हवामान उपग्रहाची चित्रं बघतो. ढगाळ हवा आली की भुरीची धास्ती, धुकं आणि दव पडलं की डावणीची (दोन्ही द्राक्षावरचे बुरशीचे रोग). पण रात्रीच्या साध्या उष्णतेच्या चित्रात धुकं दिसतच नाही, पावसाळी ढग कसा पांढराफटक दिसतो. कृषी हवामानवाल्या एका साहेबांनी सांगितलं की धुकं जमिनीला चिकटून असतं, त्याचं तापमान जमिनीइतकंच, म्हणून वेगळं उठत नाही.

मग शुक्रावर तर जमीनच दिसत नाही. ७० किमी, ५० किमी हे आकडे तुम्ही दिले ते मोजले कसे? वरून बघणाऱ्याला उंची कशी कळते?

ब्रह्मगिरी

भाऊ, धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न तुम्ही विचारलात.

तुमच्या साहेबांनी सांगितलं ते बरोबर. म्हणूनच रात्रीचं धुकं शोधताना इन्सॅट-३डीसारख्या उपग्रहाचे दोन पट्टे वापरतात, ३.९ आणि १०.८ मायक्रॉन. धुक्याचे बारीक थेंब ३.९ ला जरा कमी उष्णता बाहेर सोडतात. एका पट्ट्यातून दुसरा वजा केला की धुकं वर येतं. एका चित्रात जे नाही ते दोन चित्रांच्या फरकात असतं. शुक्रावरही हाच मार्ग.

शुक्राची हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइडची, आणि हा वायू ठरावीक तरंगलांबीला प्रकाश खातो. सूर्याचा किरण ढगाच्या माथ्यावर आपटून परत यानाकडे येतो तेव्हा वाटेत जितका वायू लागेल तितका वर्णपटातला त्या तरंगलांबीचा गडद पट्टा खोल होतो. माथा खाली असेल तर वाट लांब, पट्टा खोल. माथा वर असेल तर पट्टा उथळ. व्हीनस एक्सप्रेसने १.६ मायक्रॉनच्या पट्ट्यावरून याच पद्धतीने मोजलं: विषुववृत्ताकडे आणि मध्यम अक्षांशांवर माथा ७४ किमीच्या आसपास, ध्रुवाकडे तो ६३ ते ६९ पर्यंत खचलेला. मी वर ७० म्हटलं ती ढोबळ सरासरी. ध्रुवावर ढगांत खरोखरच खळगा आहे आणि त्यात भोवरा फिरतो. दक्षिण ध्रुवावरचा तो भोवरा व्हीनस एक्सप्रेसने पोचताक्षणीच्या चित्रांत टिपला होता.

दुसरी पद्धत रेडिओची, आणि हिच्यात आपल्या देशाचा हात आहे. यान फिरत फिरत शुक्राआड जातं तेव्हा त्याची रेडिओ लहर हवेच्या एकेका थरातून तिरपी येते, वाकते. किती वाकली यावरून त्या उंचीचा दाब आणि तापमान निघतं, साधारण ४० ते ९० किमीपर्यंत. शिवाय आम्लाची वाफ ही लहर शोषते, त्यामुळे ढगांच्या तळाखाली वाफ किती हेही कळतं. यासाठी यानावर अतिशय स्थिर कंपनं देणारा आंदोलक लागतो, तो आकात्सुकीवर होता. आणि त्या लहरी ऐकणाऱ्या केंद्रांत जपानच्या उसुदाबरोबर बंगळुरूजवळच्या ब्यालालूची आपली ३२ मीटरची अँटेनाही होती. मला याचा फार अभिमान वाटतो, आणि आपल्याकडे हे फारसं कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय.

आणि वरचा धुकट थर? तो सरळ खाली बघून सापडणं अवघड, इतका विरळ आहे. डिसेंबरच्या सकाळी पांडवलेणीवर उभं राहा: डोक्यावरचं आकाश निळं असतं आणि शहराच्या कडेला क्षितिज दुधाळ. हवा तीच, पण कडेकडे बघताना नजर तिच्यातून कितीतरी लांब जाते. यानही तेच करतं. ग्रहाच्या कडेवरून सूर्य मावळताना किंवा एखादा तारा बुडताना त्याचा उजेड उंचीगणिक कसा मंदावतो ते मोजतं. व्हीनस एक्सप्रेसच्या अशा मोजमापांत धुकट थराचा माग १०० किमीच्या जवळपास गेला.

वैदेही_गंगापूररोड

सर, सुंदर मांडणी. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून थेंबांच्या आकाराबद्दल भर घालते. उंची कळली, पण थेंब किती मोठा आणि कशाचा, हे न शिवता कसं कळलं?

ध्रुवीकरणातून. परावर्तित प्रकाशाची कंपनं एका दिशेला किती झुकली आहेत हे सूर्य, ग्रह आणि बघणारा यांच्यातल्या कोनाप्रमाणे बदलतं. तो आलेख थेंबाचा आकार आणि अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा) यांत जरा फरक पडला तरी बदलतो. हॅन्सन आणि हॉव्हेनियर यांनी १९७४ मध्ये पृथ्वीवरून घेतलेली अशी मोजमापं तपासली. उत्तर आलं, त्रिज्या एक मायक्रॉनच्या किंचित वर, थेंब गोल, अपवर्तनांक १.४४. पाण्याचा १.३३ असतो, म्हणजे पाणी बाद. सल्फ्युरिक आम्ल बसलं. कुठलंही यान त्या थेंबापर्यंत न पाठवता! हे उदाहरण मी वर्गात दरवर्षी देते आणि मुलं खरंच थक्क होतात.

मग पायोनियर व्हीनसने ध्रुवीकरण मोजणारं उपकरण कक्षेतच नेलं. पृथ्वीवरून सबंध चकतीचा मिळून एकच आकडा मिळायचा, कक्षेतून प्रत्येक प्रदेशाचा वेगळा. तेव्हा ध्रुवांकडे पाव मायक्रॉनच्या बारीक कणांचा धुकट थर मुख्य ढगांवर पसरलेला आढळला, आणि तो पुढच्या वर्षांत कमी होत गेला.

आता ट्रेकर मंडळींसाठी. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून पावसाळ्याच्या अखेरीस नशीब असेल तर इंद्रवज्र दिसतं, खालच्या ढगावर आपल्या सावलीभोवती रंगीत वर्तुळं. सूर्य पाठीशी, ढग समोर, थेंब गोल आणि एकसारख्या आकाराचे असले की ती उमटतात. हेच इंद्रवज्र शुक्रावर दिसलं आहे! २४ जुलै २०११ रोजी व्हीनस एक्सप्रेस सूर्य आणि शुक्र यांच्या बरोबर मधल्या रेषेत आलं, तेव्हा ढगांच्या माथ्यावर १२०० किमी रुंदीची वर्तुळं मिळाली. कड्यांच्या अंतरावरून थेंबाची त्रिज्या १.२ मायक्रॉनच्या आसपास निघाली. आपल्या ढगांचे थेंब बरेच मोठे, म्हणून आपली वर्तुळं कोनात आवळलेली, शुक्राची पसरलेली. आणि १९७४ चा आकडा असा वेगळ्याच वाटेने पक्का झाला.

पंचवटी_पार्थ

इंद्रवज्र शुक्रावर! ताई, हे माहीतच नव्हतं. प्रतिसाद आवडला.

घाटमाथा_इगतपुरी

आमच्याकडे जूनपासून ढग डोंगराला टेकलेलेच असतात. पश्चिमेचा वारा सह्याद्रीवर चढतो आणि पलीकडच्या हवेत लाटा उठतात. कधी कधी एकाच जागी ठाण मांडून बसलेला ढग दिसतो, वारा त्याच्यातून वाहत असतो तरी तो हलत नाही. शुक्रावर डोंगर आहेत. मग ७० किमी वरच्या ढगांना खालच्या डोंगरांचा पत्ता लागतो का?

ब्रह्मगिरी

लागतो, आणि ही आकात्सुकीची सगळ्यात गाजलेली गोष्ट आहे.

डिसेंबर २०१५ मध्ये कक्षेत शिरल्याबरोबर १० मायक्रॉनच्या कॅमेऱ्याने एक चित्र पाठवलं. ढगांच्या माथ्यावर उत्तरेकडून दक्षिणेकडे जवळजवळ १०,००० किमी लांबीची धनुष्यासारखी उबदार कमान. आजूबाजूचे ढग सेकंदाला १०० मीटरने पळतायत आणि ही कमान अनेक दिवस जागची हलली नाही. खाली नकाशा ठेवून पाहिलं तर ती ॲफ्रोडाइटी टेरा या उंच प्रदेशाच्या पश्चिम भागावर उभी. डोंगरावर आपटलेल्या वाऱ्यातून उठलेली गुरुत्व लाट (वर ढकललेली हवा वजनाने परत खाली येताना उठते ती, पाण्यावरच्या लाटेसारखी) ढगांच्या माथ्यापर्यंत चढली होती. पुढच्या निरीक्षणांत अशा कमानी दुसऱ्या उंच प्रदेशांवरही दिसल्या, आणि त्याही बहुतेक तिथल्या दुपारनंतर. तुम्ही घाटात जे बघता त्याचंच भौतिकशास्त्र, फक्त लाट पन्नास-साठ किमी वर चढलेली.

अतिनील चित्रात पट्टे होते, पण ही कमान ठळक झाली ती तापमानाच्या चित्रात. माथा बघायला नुसता एकच कॅमेरा ठेवला असता तर?

ओझरची_मीरा

आकात्सुकी कक्षेत शिरलं ही गोष्टच किती मोठी आहे, ते इथे यायला हवं. मी यांत्रिक अभियंता आहे, म्हणून ती मला जास्त भिडते.

७ डिसेंबर २०१० ला ते शुक्राशी पोचलं आणि कक्षेत शिरण्यासाठीचं मुख्य इंजिन मध्येच बिघडलं. इंधनाच्या मार्गातल्या एका झडपेत इंधन आणि ऑक्सिडायझर (इंधन जाळायला लागणारं रसायन) यांच्या वाफांतून क्षार तयार होऊन ती अडली, मिश्रण बिघडलं, तापमान वाढलं आणि सिरॅमिकचं नळकांडं फुटलं. यान शुक्राला ओलांडून सूर्याभोवती फिरायला लागलं. पुढची पाच वर्षं चमूने यान जिवंत ठेवलं. मुख्य इंजिन संपलेलं, म्हणून निरुपयोगी ऑक्सिडायझर बाहेर टाकून वजन कमी केलं. सूर्याच्या जवळून जाताना ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त ताप सोसला. आणि ७ डिसेंबर २०१५ ला, बरोबर पाच वर्षांनी, दिशा वळवण्यासाठी असलेली चार छोटी इंजिनं २० मिनिटं २८ सेकंद चालवून कक्षेत शिरलं.

मूळ बेत ३० तासांच्या कक्षेचा होता, मिळाली साधारण साडेदहा-अकरा दिवसांची, खूप लांबट. तरी ती विषुववृत्ताजवळची आणि ढगांच्याच दिशेने फिरणारी, त्यामुळे दूरच्या टोकावर असताना सबंध गोळा सलग दिसायचा. दोन-दोन तासांनी चित्रं. व्हीनस एक्सप्रेसची कक्षा ध्रुवांवरून जाणारी, २४ तासांची, त्याला दक्षिणेकडचा भाग उत्तम दिसला. दोन यानांचं एकमेकांना पूरक काम झालं.

२.३ मायक्रॉनचा कॅमेरा मात्र २०१६ च्या डिसेंबरपर्यंतच चालला. तेवढ्या काळातसुद्धा त्याने विषुववृत्तावर ४५ ते ६० किमी उंचीच्या थरात वेगवान वाऱ्याचा झोत दाखवला.

पंचवटी_पार्थ

माझं जरा वेगळं मत आहे. इतक्या लांबून अंदाज बांधण्यापेक्षा ढगातच फुगे सोडावेत. सोव्हिएत व्हेगा यानांनी जून १९८५ मध्ये दोन फुगे सोडले होते, ५४ किमीच्या आसपास, आणि ते ४६ तासांच्या आसपास तरंगले. तिथे दाब-तापमान आपल्या मानाने सौम्य आहे. अज्ञात पदार्थ कोणता हे थेंब हातात घेतल्याशिवाय कळणार नाही असं मला वाटतं.

ब्रह्मगिरी

पार्थ, पदार्थ ओळखण्यापुरतं तुझं म्हणणं मला मान्य आहे. वरून घेतलेल्या वर्णपटातून इतकी वर्षं उत्तर निघालेलं नाही. पण फुग्याला तो जिथे आहे तिथलंच कळतं, आणि तेही दोन दिवस. ढगांचे मोठे बदल वर्षांच्या मापात होतात.

सल्फर डायऑक्साइडचं बघ. पायोनियर व्हीनस पोचलं तेव्हा ढगांच्या वर हा वायू बराच होता, पुढच्या वर्षांत तो घसरत गेला. व्हीनस एक्सप्रेसला २००६-०७ मध्ये तो पुन्हा वाढलेला दिसला आणि नंतर पुन्हा कित्येक पटींनी घसरला. ज्वालामुखीने वर फेकला, की हवेचं वर-खाली ढवळणं बदललं? दोन्ही बाजूंनी युक्तिवाद आहेत. पण हा प्रश्न उभा राहिला तोच मुळी कक्षेतली यानं वर्षानुवर्षं मोजत राहिली म्हणून.

आणि सुरुवातीचा प्रश्न, हवेला पळवतं कोण? आकात्सुकीच्या काही वर्षांच्या चित्रांतून वारे काढून २०२० मध्ये उत्तर मांडलं गेलं: दिवसा तापणं आणि रात्री निवणं यातून उठणाऱ्या औष्णिक भरती-लाटा विषुववृत्ताकडच्या हवेला सतत रेटा देतात. या लाटा सबंध ग्रहाच्या मापाच्या आहेत. फुग्याला त्या दिसल्या नसत्या.

माझं म्हणणं असं की कक्षेतलं यान आधी, आणि त्याच्या नजरेखाली फुगा.

सिन्नरची_समीक्षा

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन प्रश्न. तिथे आम्लाचा पाऊस पडतो तो जमिनीपर्यंत येतो का? आणि ही चित्रं आमच्यासारख्यांना मिळतात का? आपली शुक्र मोहीम येणार आहे, तोवर काहीतरी करून बघायचं आहे.

वैदेही_गंगापूररोड

समीक्षा, पहिल्याचं मी सांगते. जमिनीपर्यंत नाही येत. ढगांच्या तळाखाली तापमान झपाट्याने चढतं, थेंब वाटेतच वाफ होतात. ती वाफ पुन्हा वर जाते, थंड होते, थेंब होतात. सर रेडिओने वाफ मोजण्याबद्दल बोलले ना, ते हेच चक्र.

निफाडचा_बागायतदार

वैदेही ताई, समजलं. म्हणजे पाऊस आहे पण शेताला कधीच लागत नाही. सर, फरकाची युक्ती आवडली. आमच्या गटात इन्सॅटच्या दोन पट्ट्यांच्या फरकाचं चित्र रोज टाकायला सुरुवात करतो, पोरांना सांगून.

ब्रह्मगिरी

जरूर टाका भाऊ, आणि इथेही दुवा द्या.

समीक्षा, आपल्या शुक्र कक्षीय मोहिमेला मंत्रिमंडळाने १८ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली, १,२३६ कोटी रुपयांची, आणि प्रक्षेपणाचं लक्ष्य मार्च २०२८ चं आहे. म्हणजे तुझं पदव्युत्तर शिक्षण आणि ते यान बरोबरच पुढे सरकतील. आणि चित्रं मिळतात, विनामूल्य. आकात्सुकीची जपानच्या डार्ट्स संग्रहात, व्हीनस एक्सप्रेसची युरोपीय अवकाश संस्थेच्या संग्रहात.

सुरुवात अशी कर. ३६५ नॅनोमीटरची, दोन तासांच्या अंतराने घेतलेली दोन चित्रं घे. आधी दोन्हींत ग्रहाची कड नीट जुळव, कारण कड चुकली की पुढचं सगळं चुकतं. मग विषुववृत्ताजवळचा एक ठळक गडद डाग निवड आणि दोन्ही चित्रांत त्याचे रेखांश काढ. ढगांच्या माथ्याशी विषुववृत्ताचा घेर ३८,५०० किमीच्या आसपास. वारा सेकंदाला १०० मीटर असेल तर दोन तासांत डाग ७२० किमी सरकायला हवा, म्हणजे पावणेसात अंशांच्या जवळ, आणि पूर्ण फेरीला साडेचार दिवसांच्या आतबाहेर. कडेजवळचे डाग टाळ, तिथे एका चित्रबिंदूत फार रेखांश कोंबलेले असतात. विषुववृत्तावर जमलं की ५० अंश दक्षिणेला तेच कर. तिथे फेरी किती दिवसांची येते ते इथे लिही, मग ध्रुवाच्या भोवऱ्याकडे वळू.